बोलता डोह

पाण्याखालचं ऐकायचं असेल तर घागर तांब्याची हवी. पितळेची चालते, पण ती स्वतःच फार बोलते. मातीची अगदी मुकी. घागर गळ्यापर्यंत पाण्यात दाबायची, तोंड वर ठेवायचं, काठ दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि कान तोंडाशी न्यायचा. सुरुवातीला आपल्याच डोक्यातला घुमघुमाट ऐकू येतो. तो ओळखून बाजूला टाकला की मग पाणी बोलू लागतं.

हे मला अंबूबाईनं शिकवलं, १९६४च्या वैशाखात. आज माझी नात समुद्रकाठी एका संस्थेत काम करते. भरती-ओहोटीच्या पाण्यावर फिरणारी चाकं समुद्रात बसवायची असतील तर त्याआधी हे लोक पाण्याखाली यंत्रं सोडून महिनेच्या महिने नुसतं ऐकत बसतात म्हणे. चाकाचा आवाज माशांना सोसेल का, ते आधी बघायचं. मागच्या महिन्यात तिनं मला हे फोनवर समजावून सांगितलं, जरा सावकाश, शब्द सोपे करून. मी म्हटलं, "बाळा, तांब्याची घागर घेऊन जा." ती हसली. म्हणून हे नीट लिहून काढते आहे.

आम्ही तेव्हा बोरखेडीला होतो. उंद्रीपर्यंत एसटी, पुढे सहा मैल बैलगाडी नाहीतर पाय. माझे यजमान नीळकंठराव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. गावाच्या वरच्या अंगाला नुकतंच एक छोटं धरण बांधून झालं होतं, ते त्यांच्या ताब्यात. मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघंही चिखलीचे, दोघंही शिकलेले, आणि दोघांनाही आपण फार शिकलो आहोत असं वाटायचं ते वय.

उन्हाळ्यात खालच्या गावांच्या विहिरींना पाझर राहावा म्हणून धरणातून पाणी सोडत. दिवसभर थोडं थोडं सोडलं तर ते वाळूच पिऊन टाकते, म्हणून दोनदाच सोडायचं, पण जोरात: सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ. त्यामुळे आमच्या नदीला रोज दोनदा पाणी चढायचं आणि दोनदा उतरायचं. नीळकंठरावांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की फ्रान्स देशात समुद्राच्या भरती-ओहोटीवर वीज काढणारं केंद्र बांधलं जात आहे. झालं. त्या दिवसापासून ते दरवाजा उघडला की "भरती" म्हणू लागले आणि बंद केला की "ओहोटी". तोवर आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता.

"प्रेमला, भरती झाली. चहा टाक," असं ते सकाळी धरणावरून येताना रस्त्यातूनच ओरडायचे. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

पण ते नुसतं बोलून थांबणारे नव्हते. गावाच्या पश्चिमेला नदी दोन काळ्या खडकांमधून निमुळती होते आणि खाली एका खोल डोहात उतरते. त्या खडकांच्या मधे, पाण्याच्या धारेत, त्यांनी एक चाक बसवलं. लोखंडी पात्यांचं चाक पाण्याखाली आडवं. त्याच्या मधून एक उभा दांडा वर आलेला. दांड्याचं खालचं टोक तळाच्या खडकात रोवलेल्या लोखंडी वाटीत फिरायचं आणि वरच्या टोकाला पट्ट्यानं डायनामो जोडलेला. गावात वीज यायला अजून पुष्कळ वर्षं होती. चैत्राच्या शेवटी एका संध्याकाळी शाळेत, दवाखान्यात आणि चावडीत मिळून बारा बल्ब लागले. चाळीस वॅटचा बल्ब, पण लोक त्याच्याकडे सूर्याकडे बघावं तसे डोळे बारीक करून बघत होते.

"आता चिखलीवाले आपल्या इथं बल्ब पाह्यले येतीन," सरपंच रामराव म्हणाले. आनंदानं त्यांचा फेटा मागे सरकला होता. "अन् आपण त्याइले च्या पाजू, बल्बाखाली बसवून!"

ज्येष्ठाच्या सुरुवातीला बुलढाण्याहून मोठे साहेब पाहायला येणार होते. त्यांना पटलं तर नदीवर अशी आणखी तीन चाकं बसणार होती. नीळकंठराव झोपेत सुद्धा पात्यांचा कोन मोजत असावेत.

चाक बसल्याला सतरा-अठरा दिवस झाले असतील. शाळेला सुट्टी लागली होती. मी अंगणात पापड वाळत घालत होते, तेव्हा अंबूबाई आली. कमरेवर घागर, अंगावर जुनं हिरवं लुगडं. डोहाच्या काठी भोयांची अकरा घरं होती आणि त्या अकरा घरांत अंबूबाईचा शब्द चालायचा. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. पन्नाशीची असेल. कमी बोलायची.

"मास्तरीणबाई, मले तुमच्याशी बोलाचं हाय. साह्यबाशी नाई, तुमच्याशी."

"त्यांच्याशी का नाही?"

"साह्यब हासतीन."

"आणि मी नाही हसणार?"

तिनं मला नीट पाहून घेतलं. "तुमी बी हासान. पन मंग ऐकान."

मग ती सांगू लागली. डोहात शिंगाळे राहतात. मोठा मासा, मिशा असलेला, कल्ल्याजवळ काटा असलेला. चैत्राच्या पुनवेपासून ते तळाशी रेतीत खळगे करतात आणि त्यात अंडी घालतात. मादी निघून जाते. नर खळग्यावर राखण करत बसतो, पिल्लं हिंडती होईपर्यंत. कोणी जवळ आलं की तो बोलतो. काटा घासून आवाज काढतो. जोवर शिंगाळा बोलतो आहे तोवर भोई डोहात जाळं टाकत नाहीत, डोहाच्या तोंडाशी भांडी घासत नाहीत, म्हशी पाण्यात घालत नाहीत. मृग लागला की अंबूबाई घागर लावून ऐकते. डोह गप झाला असेल तर पिल्लं सुटली, आता जाळी काढा. तिच्या आधी तिची सासू ऐकायची.

"अन् आता?" मी विचारलं.

"आता पानी सुटलं का बोलनंच नाई. चाक फिरून राह्यलं तवर एक बी बोलत नाई. मले वाटून राह्यलं का थे खळगे सोडून जातीन. राखनदार गेला तं कोनता बी मासा येते अन् अंडी खाऊन टाकते. या साली पिल्लं नाई, तं पुढच्या साली डोहात काय? आमी अकरा घरं काय पानी पकडू?"

मी हसले नाही हे मी अभिमानानं सांगते. पण मनात आलं ते हे, की चाक तर किती शांत फिरतं! काठावर उभं राहिलं तर पाण्याच्या खळखळाटाशिवाय काही ऐकू येत नाही.

"तुमी या," अंबूबाई म्हणाली. "मंग पाहू."

दुपारची वेळ होती, म्हणजे ओहोटी. डोह स्थिर, हिरवा. मी पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले आणि तिनं दाखवलं तसं घागरीला कान लावला. आधी माझंच डोकं घुमलं. मग हळूहळू एक-एक गोष्ट वेगळी होऊ लागली. बारीक टिकटिक, जशी कुठे लांब ज्वारीच्या लाह्या फुटताहेत. "शेवाळातून बुडबुडे सुटतात दुपारच्याले," अंबूबाई म्हणाली. एक सतत किरकिर, ती पाणकिड्यांची. आणि मग, खालून, कोणीतरी लाकडी कंगव्यावरून नख फिरवावं तसं, कर्र. थांबून पुन्हा, कर्र, कर्र.

मी घागरीवरून डोकं उचलून तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती, पण तिचा चेहरा हसल्यासारखा झाला होता.

"बोलला?"

"बोलला!"

"आता चारले या."

चार वाजता दरवाजा उघडला. पाणी खडकांमधून आलं, चाक फिरू लागलं. मी पुन्हा कान लावला आणि लगेच मागे घेतला. लोखंडाची किंचाळी होती ती. पाटीवर खिळा ओढावा तशी, पण न थांबणारी, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला चढणारी आणि उतरणारी. वाटीत रेती गेली होती आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. वर वाऱ्यात त्यातलं काहीएक येत नव्हतं. आणि खाली त्या किंचाळीशिवाय काहीएक उरलं नव्हतं. टिकटिक गेली, किरकिर गेली, कर्र तर गेलाच.

घरी येऊन मी नीळकंठरावांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास तोंडाशी धरून ठेवला आणि म्हणाले, "माशांना कान कुठे असतात?"

"तुम्ही तीन वर्षं कॉलेजात काय केलंत?" मी म्हटलं. "माशांना आत कान असतात. चौथीच्या मुलांना मी शिकवते."

"बरं, असतात. पण चाक आवाज करत नाही, प्रेमला. मी रोज तिथे तासभर उभा असतो."

"उभे असता. वाकत नाही."

हे जरा लागलं त्यांना. ताट सारून म्हणाले, "ठीक. उद्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ऐकतो. पण एक अट. मला ऐकू आलं नाही तर तू आणि अंबूबाई दोघींनी पुन्हा हा विषय काढायचा नाही. मोठे साहेब यायला तेरा दिवस राहिलेत."

"कबूल," मी म्हटलं. इतकी खात्री मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

दुसऱ्या दिवशी चारला अर्धं गाव डोहावर. ओव्हरसियर साहेब माशांचं बोलणं ऐकणार ही बातमी कोणी चुकवणार थोडीच! रामराव खास फेटा बांधून आले होते. साहेबांसाठी खडकावर सतरंजी अंथरलेली. अंबूबाई आपली जुनी, पोचे पडलेली घागर घेऊन पुढे झाली, तर रामराव आडवे आले.

"हे घागर? साह्यबाले? काय वं, गावाची इज्जत हाय का नाई!" आणि त्यांनी मागे वळून हाक मारली, "अवं, आन इकडं!"

त्यांची बायको सत्यभामाबाई पुढे आली. तिच्या हातात नवीकोरी तांब्याची घागर होती, चिंचेनं घासून लाल केलेली, गळ्याला हळदकुंकवाची बोटं. तिनं ती अदबीनं सतरंजीपाशी ठेवली. अंबूबाई आपली घागर कमरेवर घेऊन पलीकडच्या खडकावर जाऊन उभी राहिली. मी बायकांच्या घोळक्यात, वीस हात लांब.

नीळकंठराव पाण्यात उतरले. घागर दाबली. कान लावला. अर्धं गाव श्वास रोखून. बराच वेळ ते तसेच राहिले, त्यांच्या पद्धतीनं, प्रामाणिकपणे. मग उठले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"थोडी खसखस ऐकू येते. बाकी काही नाही."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "मासोळ्याइनं साह्यबाले पाहून तोंडावर बोट ठेवलं असन!" आणखी हसले. अंबूबाई वळली आणि कोणाकडेही न बघता घराकडे चालू लागली. मला तिच्या पाठीकडे बघवेना.

"कबूल केलंयस तू," परतताना नीळकंठराव हळू आवाजात म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांनाही वाईट वाटत होतं.

मी रात्रभर विचार केला असं लिहायला आवडलं असतं, पण मी थकून झोपले. उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पायांनी घरी आला. सत्यभामाबाई आपली घागर न्यायला आली. नीळकंठरावांनी ती कालच्या कालच आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली होती.

"सूप आना हो बाई," ती म्हणाली.

"सूप कशाला?"

"गहू काढाले. हे तुमचेच हायेत."

आणि तिनं घागर सुपावर पालथी केली. भसाभस गहू पडले. दोन शेर तरी असतील, खालचे थोडे भिजलेले. मी बघतच राहिले.

"हे घागरीत होते? काल?"

"हाव, मंग!" तिला माझंच नवल वाटलं. "रिकामी घागर साह्यबाच्या म्होरं कशी ठेवाव? अपशकुन नाई का होत? पयल्यांदा आमच्या घागरीले हात लावून राह्यले साह्यब. म्या चांगले निवडून भरले, बन्सी गहू हायेत."

मी सुपासमोर खाली बसले आणि हसू लागले. इतकी हसले की सत्यभामाबाई घाबरून पाणी आणायला धावली. गव्हाचा तो जाड थर तळाशी असल्यावर त्या घागरीत तोफ सुद्धा ऐकू आली नसती. गादीखाली घड्याळ ठेवावं तसं.

नीळकंठराव धरणावरून आले तेव्हा मी सूप त्यांच्या समोर धरलं. "घागरीत गहू होते, दिसले नाहीत तुम्हाला?"

"दिसले की."

"मग?"

ते गोंधळले. "मला वाटलं तीच पद्धत असेल. अंबूबाईची. म्हटलं, गहू घालून ऐकत असतील, आपण कशाला विचारून अडाणी ठरा?"

असा तो प्रकार. सत्यभामाबाईनं मानासाठी भरले आणि यांनी मानासाठी विचारलं नाही. अंबूबाईला तर कोणी घागरीजवळच येऊ दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी डोहावर आम्ही तिघंच होतो. अंबूबाईच्या घरासमोर जाऊन नीळकंठराव म्हणाले, "अंबूबाई, चूक माझी. तुमची घागर द्या." ती उठली आणि घागर घेऊन पुढे चालू लागली. पाणी सुटलं होतं, चाक फिरत होतं. नीळकंठराव वाकले, कान लावला. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो आधी आक्रसला, मग पांढरा पडला. घागर धरूनच ते म्हणाले, "वाटी खाल्ली जातेय. लोखंड लोखंडाला खातंय." इंजिनिअर माणूस! त्यांना पहिल्यांदा आपल्या चाकाचं दुखणं ऐकू आलं, मासे नंतर. माझी तक्रार नाही. दुखणं एकच होतं.

त्यांनी त्याच पावली चाकाला दोर बांधून ते थांबवलं. किंचाळी बंद झाली. अंबूबाईनं घागर घेतली आणि फार वेळ ऐकत राहिली. आम्ही वाट बघत होतो.

"काही?" मी विचारलं.

"नाई." तिनं डोकं वर केलं. "पन गप बसला म्हंजे गेला असं नाई. भेला असन. चार-पाच रोज खळग्यावर बसून राहीन थो. मंग भुकेनं उठन." तिनं बोटं मोजली नाहीत, पण मला कळलं की ती मोजते आहे.

बारा बल्ब विझले. गावात कुरकुर सुरू झाली. दवाखान्यातला कंपाउंडर मला म्हणाला, "बाई, मासोळ्याइसाठी अंधार का?" रामराव तर घरी येऊन बसले. "साह्यब, अकरा रोजानं मोठे साह्यब येतीन. चाक बंद दिसलं तं काय सांगू? माणसं मोठी का मासोळ्या मोठ्या?"

"रामराव," नीळकंठराव म्हणाले, "मासोळ्यांनी माझं चाक वाचवलं. आणखी दहा दिवस असंच चाललं असतं तर मोठ्या साहेबांसमोर दांडा निखळून डोहात गेला असता. तुमच्या फेट्यासकट."

"फेटा काऊन?"

"तुम्ही पहिल्या रांगेत उभे असता ना."

पण उपाय काय? नवी लोखंडी वाटी करून उपयोग नव्हता, रेती तिथेही जाणार. वंगण पाण्याखाली टिकणार नाही. दोन दिवस ते कागदावर रेघोट्या ओढत बसले. अंबूबाई रोज घागर लावून यायची; डोह अजून गपच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच सहदेव सुताराला बोलावून आणलं. गावातल्या सगळ्या बैलगाड्या त्याच्या हातच्या. त्याला पाण्यात उतरवलं, घागर लावायला दिली, दोर सोडून दोन मिनिटं चाक फिरवलं.

सहदेवनं कान काढला आणि थुंकला. "लोखंडावर लोखंड ठेवसान तं बोंबलनच. यात लाकूड पायजे."

"लाकूड पाण्यात कुजेल," नीळकंठराव म्हणाले.

"कोनतं लाकूड त्याच्यावर हाय. अंजन कुजत नाई. दगडावानी पान्यात बुडते थे. अन् माझ्यापाशी असं अंजन हाय का जे चाळीस साल तेल पेलं हाय."

चिखलीला तेलाची गिरणी झाल्यापासून आमच्या गावातला तेलघाणा बंद पडला होता. त्या घाण्यात जे जाड उभं लाकूड फिरून तीळ-करडई चिरडायचं, ती घाण्याची लाट सहदेवनं विकत घेऊन अंगणात टाकून ठेवली होती. नीळकंठरावांनी तिच्यावर नख ओढलं तर नख तेलकट झालं. त्यांनी ते बोट नाकाशी नेलं आणि एखादं बक्षीस मिळाल्यासारखे हसले.

"वंगण आतच आहे," ते म्हणाले. "जन्मभराचं."

सहदेवनं त्या लाटेचा तुकडा कापून त्याची वाटी कोरली. कोरताना दोन पटाशा बोथट झाल्या. त्या दोन्हींना त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. वाटीच्या आतून त्यानं तीन उभ्या खाचा ठेवल्या. "रेती आली तं हितून निघून जाईन. गाडीच्या चाकाले नसते, पन हे पान्यातली गाडी हाय." नीळकंठरावांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला अजून ते चित्र डोळ्यासमोर दिसतं: ओव्हरसियर उकिडवे बसून लिहिताहेत आणि सुतार सांगतो आहे.

चौथ्या दिवशी दुपारी, ओहोटीत, खडकांमधलं पाणी कमरेइतकं उतरल्यावर भोयांचे चार जण खाली उतरले. त्यांच्याइतकं पाण्याखाली श्वास धरून काम कोणालाच जमलं नसतं. जुनी वाटी उखडून आणली तर ती एका बाजूनं पार खाल्लेली. अंजनाची वाटी बसवली, दांडा तिच्यात उभा केला, मेखा ठोकल्या. अंबूबाई काठावरून सांगत होती, "हळू रे, डोहाकडं धोंडा नका लोटू. हळू!"

चार वाजता दरवाजा उघडायला नीळकंठराव स्वतः गेले नाहीत. चौकीदाराला पाठवलं आणि स्वतः डोहावर थांबले. गाव पुन्हा जमलं होतं, पण या वेळी सतरंजी नव्हती. सत्यभामाबाई सुद्धा आली होती. तिनं माझ्या कानात सांगितलं, "या डाव म्या काई आनलं नाई बापा."

पाणी आलं. चाक हललं, थबकलं, आणि फिरू लागलं. पट्टा ताणला गेला. लांब शाळेच्या दारात कोणीतरी ओरडलं, "लागला!" म्हणजे बल्ब लागला होता. पण डोहावरच्या एकाही माणसानं तिकडे मान वळवली नाही. सगळे अंबूबाईकडे बघत होते.

तिनं घागर पाण्यात दाबली. कान लावला. डोळे मिटले. आज चौथा दिवस होता. तिचा जुना हिशेब मला माहीत होता: चार-पाच रोज. चाक गप झालं असेलही, पण खाली ऐकायला कोणी उरलं आहे का?

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. म्हशी परतू लागल्या होत्या आणि गुराखी त्यांना डोहापासून दूर हाकत होते, कोणी न सांगता. अंबूबाई हलेना. मग तिनं एक हात काठावरून सोडला आणि डोळे न उघडता मला बोलावलं.

मी पाण्यात गेले. तिनं घागर माझ्याकडे सरकवली, पण हात काढला नाही, दोघींनी मिळून धरली. मी कान लावला. पाण्याची सरसर. खाली रेती वाहते त्याची कुजबुज. चाक होतं, हो, पण त्याचा आवाज आता वेगळा होता. हुं, हुं, हुं, जसं मांडीवरच्या लेकराला कोणी थोपटावं. त्याच्या मागे पाणकिड्यांची किरकिर परत आली होती. मी वाट पाहिली. हुं. हुं.

कर्र.

मी अंबूबाईकडे पाहिलं. तिनं डोळे उघडले होते.

"एक?" मी विचारलं.

"तीन," ती म्हणाली. "एक खडकापाशी, दोन पल्याड. तुमाले एकच आला?" आणि ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली. "शिका, मास्तरीणबाई, अजून शिका."

ज्येष्ठात मोठे साहेब आले. चाक पाहिलं, बल्ब पाहिले, रामरावांचा चहा बल्बाखाली बसून घेतला. नीळकंठरावांनी त्यांना घागरही लावायला दिली, रिकामी. पुढच्या दोन वर्षांत तिन्ही चाकं झाली, तिन्ही अंजनाच्या वाट्यांवर, आणि प्रत्येक जागा ठरवायच्या आधी अंबूबाई घागर घेऊन तिथे जाऊन आली. खात्याच्या कागदात तिचं नाव कुठे नाही. माझ्या नवऱ्याच्या वहीत आहे, सहदेवच्या नावाच्या वर.

मृग लागला तेव्हा डोह गप झाला. अंबूबाईनं सांगितलं, पिल्लं सुटली.

त्या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं होतं. दिवाळीनंतरची एक सकाळ. मी शाळेत निघाले होते आणि अंबूबाई दारात उभी. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं फडकं.

"अगं अंबूबाई, आमच्याकडे खात नाहीत ते," मी घाईनं म्हटलं.

"मले माईत हाय तुमच्यात खात नाईत. खायाले कोन देऊन राह्यलं?" ती टोपली उतरवत म्हणाली. "पाह्यले आनला. त्या साली सुटलेलं पिल्लू हाय हे. पाहून घ्या अन् वापस द्या."

तिनं फडकं बाजूला केलं. हातभर लांब, चंदेरी शिंगाळा, मिशा पसरलेल्या. अंगणातल्या उन्हात तो चमकत होता. मी वाकले. त्यानं काटा ताठ केला आणि माझ्या तोंडासमोर, अगदी स्पष्ट, म्हणाला, कर्र.

घागरीची गरज पडली नाही.